तीन नंबरचा क्रूस

आमच्या लांगेनाऊत, ऑस्ट्रेलियातल्या ह्या जुन्या जर्मन गावात, मेलेल्या माणसाला जागा निवडता येत नाही. ज्या क्रमानं मराल त्या क्रमानं ओळीत. नवरा चौथ्या ओळीत, बायको अकराव्या ओळीत आणि मधे वीस वर्षांचे शेजारीपाजारी, असं आमचं कबरस्तान. जुनी माणसं म्हणायची, देवाच्या दारात घराणी नसतात, रांग असते. पुढे घुसायचं नाही आणि मागे रेंगाळायचंही नाही. माझी एल्सबेट पाचशे सत्त्याण्णव नंबरला आहे. तिच्या डाव्या हाताला कार्ल झांडर. त्यानं तिच्या हंसाला दगड मारला होता म्हणून ती तीस वर्षं त्याच्याशी बोलली नव्हती. तिला मातीत ठेवलं त्या दिवशी मी मनात म्हटलं, "एल्सबेट, आता तरी बोल ग त्याच्याशी. नाहीतर काळ फार लांबलचक जाईल तुला."

पण मी सांगायला बसलोय मेटा पेशेलची गोष्ट. मेटा म्हणजे आमच्यापासून तिसरं घर, अंजिराच्या झाडाचं. तिनं लग्न केलं नाही. आधी बापाचं दुखणं काढलं, मग आईचं, मग भावाचं. तिघांच्या कबरी तीन टोकांना. सगळ्यांना पाणी घालून येईपर्यंत बादली दोनदा भरावी लागे. उंच, वाळकी, पाठीत ताठ. तिच्या खारवलेल्या काकड्यांना सगळ्या खोऱ्यात तोड नव्हती. शेपू, द्राक्षाची पानं आणि मीठ एवढंच घालायची, पण आल्विन ओब्स्टच्या बायकोला तिनं जत्रेत दोनदा हरवलं होतं आणि ओब्स्ट ते कधी विसरले नाहीत. बोलणं मात्र मोजकं. गावात म्हणत, देवानं आमच्या गल्लीसाठी शब्दांचं एकच पोतं पाठवलं आणि ते बर्टोल्ड शिर्मरनं दारातच उतरवून घेतलं. बर्टोल्ड शिर्मर म्हणजे मी.

पंच्याऐंशी साली आमच्या चर्चच्या मंडळीनं ठरवलं की, पुढच्या वर्षी आमच्या राज्याच्या स्थापनेला दीडशे वर्षं होतायत, तर कबरस्तानाच्या फाटकाशी एक दगड बसवायचा. जे बोटीनं आले आणि इथे मातीआड झाले त्यांची नावं त्यावर कोरायची. ओब्स्ट समितीचा अध्यक्ष झाला. त्यानं पहिल्याच बैठकीत टेबलावर बोट आपटलं, "दफनाच्या वहीत नंबर असेल त्याचंच नाव. घरोघरच्या दंतकथा मला नकोत. फेब्रुवारीअखेर नंबर आणून द्या."

बैठकीनंतर मेटा माझ्याबरोबर चालत आली. फाटकाशी थांबली आणि म्हणाली, "बर्टोल्ड, मला आमच्या पणजोबांचा नंबर हवाय. आणि लवकर हवाय. ॲडलेडच्या डॉक्टरांनी सांगितलंय, द्राक्षं उतरेपर्यंत."

"द्राक्षं उतरेपर्यंत काय?"

"मी."

मी फाटकाची कडी लावली. मग म्हटलं, "अग, आणि हे तू मला सांगतेस? उद्या सकाळी पाववाल्याच्या दुकानात सगळ्यांना कळेल."

"नाही कळायचं. तू इतकं बोलतोस की त्यात ही एक गोष्ट कोणाला सापडायची नाही."

आता नंबरचं काय होतं ते सांगतो. कबरस्तानाची पहिली ओळ पश्चिमेच्या कुंपणाला लागून आहे. तिथे सात लोखंडी क्रूस. सहांवर पत्र्याच्या पट्ट्या आहेत, नावं वाचता येतात. तिसरा क्रूस बोडका. पट्टी कधीच गंजून गळाली. तो पेशेलांचा, असं सगळं गाव मानत आलं. मेटाचा पणजोबा क्रिस्टियान पेशेल, पहिल्या बोटीतला माणूस. नोव्हेंबरात, मृतांच्या रविवारी, पेशेल घराणं त्या क्रूसावर माळ घालायचं. मी लहानपणापासून पाहत आलो. उन्हानं डोकं तापलेलं, सगळे काळ्या कपड्यांत, आणि पेशेलांची ती इवलीशी माळ, हाताच्या पंजाएवढी, रोजमेरी आणि जिरेनियमची, पांढऱ्या फितीत बांधलेली. सगळ्या गावाच्या माळांना काळी फीत, ह्यांच्या माळेला पांढरी. गावात हसत. माझा बाप म्हणायचा, "पेशेल लोक कंजूष. लग्नातली उरलेली फीत कबरीला." क्रूसही गुडघ्याएवढाच. म्हणायचे, तेव्हा लोखंड मिळायची मारामार होती.

क्रिस्टियानचा माग मेटा अकरा वर्षं काढत होती. बिस्किटांच्या मोठ्या डब्यात सगळे कागद तारखेप्रमाणे लावून ठेवले होते. मी त्या डब्यातूनच त्या माणसाला ओळखलं. सगळ्यात तळाला बाप्तिस्म्याची नक्कल. सायलेशियातलं त्यांचं खेडं आता पोलंडात गेलंय. तिथल्या पाद्रीबाबांना तिनं चार पत्रं पाठवली, पाचवं शब्दकोश घेऊन पोलिशमध्ये लिहिलं. त्यालाच उत्तर आलं. वर पाद्रीबाबांनी विचारलं होतं, ऑस्ट्रेलियात खरंच घराच्या अंगणात कांगारू येतात का? तिनं उलट टपाली लिहिलं, "येतात. कोबी खातात." मग लग्नाची नोंद : मेंढपाळाचा मुलगा क्रिस्टियान, विणकराची मुलगी रोझीना. मग हँबुर्गची बोटीची यादी. वय चौतीस, बायको, मुलं चार. ॲडलेडला उतरल्याच्या यादीत मुलं तीन. वाटेत एकाचं काय झालं हे कुठे लिहिलेलं नाही, आणि लिहायची गरजही नाही. मग राणीशी इमान राखण्याची शपथ, खाली सही. सही म्हणजे आडवीतिडवी तीन अक्षरं आणि मग धीर सुटल्यासारखी एक रेघ. मग जमिनीचा कागद. ऐंशी एकर, आमच्या जमिनीला लागून.

"जन्म आहे, लग्न आहे, बोट आहे, जमीन आहे," मेटा डब्याचं झाकण लावत म्हणाली, "मरण तेवढं नाही."

"मग मेलाच नसेल," मी म्हटलं. "बघ कुठेतरी ओब्स्टच्या बैठकीत बसला असेल. तिथे बसलेल्यांतले निम्मे त्याच्याच वयाचे वाटतात."

ती हसली नाही. "मंडळीच्या जुन्या वह्या तिजोरीत आहेत ना? किल्ली तुझ्याकडे."

होती. वयानं थोरला पंच म्हणून. आणि वाचणाराही मीच उरलो होतो. त्या वह्या जुन्या जर्मन लिपीत आहेत, सगळी अक्षरं टोकदार, कुंपणाच्या तारेसारखी एकमेकांत अडकलेली. आमच्या गावच्या शाळेत मी ती शिकलो. मी शाळा सोडली आणि तीन वर्षांत जर्मनीशी पेटलेल्या पहिल्या महायुद्धाच्या गडबडीत सरकारनं शाळेला कुलूप लावलं, गावाचं नाव बदलून नकाशावर काहीतरी इंग्रजी लिहिलं. आमचे मास्तर म्हणाले, "बर्टोल्ड गेल्यावर बंदच करायला हवी होती. वर्गात आवाजच उरला नव्हता." त्यानंतर ती लिपी कोणी शिकलं नाही. आमच्या चर्चचे तरुण पाळक भला माणूस, पण त्या पानांकडे ते कोंबडीनं माती उकरली असावी तसे पाहतात.

मृतांच्या रविवाराआधीच्या मंगळवारी दुपारी आम्ही दोघं चर्चच्या मागच्या खोलीत बसलो. पाळकांनी दार उघडून दिलं आणि ते आजाऱ्यांच्या भेटीला गेले. पत्र्याचं छप्पर तडतडत होतं. मेटानं डबा मांडीवर घेतला, कागद-पेन्सिल काढली. मी चष्मा पुसला.

आधी प्रभुभोजनाची वही घेतली. कारण दफनाच्या वहीतली पहिली पानं ओल लागून चिकटली होती, ती सुरीनं सावकाश सोडवावी लागणार होती. आमच्याकडे पूर्वी असं होतं : रविवारी प्रभुभोजन, म्हणजे चर्चच्या मेजावरची भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, असला की आधीच्या शुक्रवारी प्रत्येक घरच्यानं पाळकांकडे जाऊन नाव नोंदवायचं. पाळक एकच विचारायचे, "कोणाशी वैर आहे का?" असेल तर आधी समेट करून ये. वैर मनात ठेवून कोणी त्या मेजापाशी जायचं नाही. मी लहानपणी पाळकांच्या ओसरीवर ती रांग पाहिली आहे, पॉलिश केलेले बूट आणि पडलेले चेहरे.

"झांडरचा आजोबा आणि ग्राफचा आजोबा," मी पानं उलटता उलटता सुरू केलं, "एका कोंबड्यावरून भांडले. दर महिन्याच्या शुक्रवारी त्या ओसरीवर हात मिळवायचे, रविवारी शेजारी शेजारी गुडघे टेकायचे आणि सोमवारी पुन्हा तोच कोंबडा! सोळा वर्षं. कोंबडा मरून त्याच्या नातवंडांचं सूप झालं तरी—"

"बर्टोल्ड, वाच."

वाचायला लागलो. अठराशे पन्नास, एक्कावन्न, बावन्न. दर वेळी रांगेत आमचे पणजोबा गोट्फ्रीड शिर्मर आणि त्यांच्याखाली क्रिस्टियान पेशेल. शेजारी होते, बरोबर येत असणार. मेटा प्रत्येक तारखेला कागदावर बारीक रेघ मारत होती. तिचा चेहरा मी तितका मोकळा कधी पाहिला नव्हता. सत्तावन्नचा डिसेंबर. अठ्ठावन्नच्या जानेवारीत त्याचं नाव नाही. फेब्रुवारीत पाळकांच्या अक्षरात क्रिस्टियानच्या नावापुढे दोन ओळी होत्या. मी वाचायला तोंड उघडलं, "पेशेल, परत—" आणि थांबलो.

डोळे पुढच्या महिन्यावर गेले. मग त्याच्या पुढच्या. तेच. तेच. मी अकरा मोजले. मग दफनाची वही ओढली, सुरी घातली, दोन पानं सोडवली आणि वाचलं. तोंड बंद ठेवून.

"काय?" मेटा म्हणाली.

"ओल लागलीय. शाई पसरलीय. काही लागत नाही."

"इथून मला अक्षरं दिसतायत."

"दिसतात ग, पण अर्थ लागत नाही. जुने पाळक घाईत लिहायचे. ह्यावरून आठवलं—"

"बर्टोल्ड." तिनं पेन्सिल खाली ठेवली. "मी तुला सत्तर वर्षं ऐकतेय. तू वाक्य मधेच सोडल्याचं मला आठवत नाही."

मी वही मिटली. तिनं डबा उचलला आणि ती गेली. दार तिनं हळूच लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्या रविवारी घंटा झाली, सगळं गाव काळ्या कपड्यांत कबरींवर पसरलं. मेटा पहिल्या ओळीशी आली. वाकणं तिला जड जात होतं. तिनं तिसऱ्या क्रूसावर ती पंजाएवढी माळ ठेवली, पांढरी फीत नीट केली. मी एल्सबेटच्या नंबरापाशी उभा राहून हे पाहत होतो. हाक मारायला किती अंतर होतं? सत्तर पावलं. गावात माझ्याइतक्या गोष्टी कोणाकडे नाहीत. आणि माझ्याच घरातली ही एक मला कोणी सांगितली नव्हती. पण खरं सांगायचं तर, सांगितली नव्हती असंही नाही.

कुंपणाच्या पलीकडे, पश्चिमेला, आमचाच द्राक्षमळा आहे. पणजोबांनी लावलेला. कुंपणालगतच्या ओळीत एका ठिकाणी तीन वेलींची जागा मोकळी आहे. मी सतरा वर्षांचा असताना बापाला विचारलं, इथे का लावत नाही? तो म्हणाला, खाली खडक आहे. मी कुठला ऐकतोय? पहार आणली आणि मारली. लोण्यात जावी तशी गेली. बाप मळ्याच्या दुसऱ्या टोकाहून धावत आला, माझ्या हातातली पहार काढून घेतली आणि म्हणाला, "मी खडक म्हटलं ना? मग खडक." त्यानं आयुष्यात माझ्यावर हात उगारला नव्हता, त्या दिवशी उगारला आणि तसाच खाली घेतला. ही गोष्ट मी शंभर वेळा सांगितली आहे, बाप किती हट्टी होता म्हणून. लोक हसतात. साठ वर्षं मी त्या जागेला वळसा घालून नांगर फिरवला आणि हसवत राहिलो.

डिसेंबर गेला, नाताळ गेला. मेटा चर्चला येईनाशी झाली. पाळक म्हणाले, जेवण जात नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, चाळीस अंशाच्या उन्हात, मी दोन्ही वह्या कोटाखाली घेऊन तिच्याकडे गेलो. वह्या तिजोरीबाहेर न्यायला मनाई आहे. त्या उन्हात कोट घातलेला म्हातारा पाहून ओब्स्टची बायको दारातून ओरडली, "शिर्मर, बर्फ पडणार आहे की काय?"

मेटा स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून काकड्या भरत होती. हात काडीसारखे झालेले, पण काकडी बरणीत उभी लावत होती, एकाला एक चिकटून, मधे शेपूची फुलं. मला पाहून म्हणाली, "शाई वाळली वाटतं."

"वाळली."

"बस. आणि अधेमधे गोष्ट नको."

मी आधी दफनाच्या वहीतला नंबर तीन वाचला. "ओटिली शिर्मर. गोट्फ्रीड शिर्मर यांची मुलगी. वय चार वर्षं दोन महिने. जानेवारीच्या नऊ तारखेला दुपारी शेजारी पेशेल यांच्या गव्हाच्या गाडीखाली सावलीला जाऊन झोपली होती. पेशेल यांनी न पाहता बैल हाकले."

मेटाच्या हातातली काकडी हातातच राहिली.

मग प्रभुभोजनाची वही. "पेशेल, परत पाठवला. शिर्मर समेट करत नाही." फेब्रुवारी. "पेशेल, परत पाठवला. शिर्मर यांच्या दारी गेला होता, दार उघडलं नाही." मार्च. मी अकराही वाचले. एकही गाळला नाही. प्रत्येक शुक्रवारी तो बूट पुसून त्या ओसरीवर जाऊन उभा राहिला असणार आणि प्रत्येक रविवारी, सगळं गाव मेजापाशी जात असताना, बाकावर एकटा बसला असणार.

"आणि तुमचा?" मेटानं विचारलं. "वैर तर त्याच्याही मनात होतं. त्याला परत पाठवला का?"

ती हे विचारणार हे मला ठाऊक होतं. "नाही. दर महिन्याला नाव आहे. पुढे लिहिलंय, शोकात आहे, सूट. पंच होता तो."

"हं," मेटा म्हणाली.

शेवटची नोंद नऊ आणि दहा नंबरांच्या मधे, समासात, बारीक अक्षरात. तिला नंबर नाही. "क्रिस्टियान पेशेल, वय त्रेचाळीस. स्वतःच्या हातानं. कुंपणाबाहेर, पश्चिमेला. घंटा नाही, गीत नाही." तारीख अकराव्या शुक्रवारच्या नंतरचा सोमवार.

मग मेटा उठली, टेबलाला धरून धरून कपाटापाशी गेली आणि खणातून पांढऱ्या फितीचं भेंडोळं काढलं.

"आजी सांगायची," ती म्हणाली, "रोझीना पणजी त्या क्रूसापाशी रडत नसे. मान खाली घालून उभी राही, मास्तरांपुढे पोर उभं राहतं तशी. आम्हाला वाटायचं, नवऱ्याचं दुःख. आणि माळ लहानच करायची, फीत पांढरीच, हे तिनं घालून दिलं. का ते नाही सांगितलं. पांढरी फीत पोरांच्या कबरीला असते, एवढं आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही." फीत बोटांभोवती गुंडाळत ती थांबली. "म्हणजे सव्वाशे वर्षं आम्ही तुमच्या पोरीला फुलं घालतोय."

"हो."

"तुमच्यातल्या कोणी घातली कधी?"

"नाही. आम्हाला वाटायचं ती तुमची कबर आहे. आम्ही तुमच्या फितीला हसायचो."

"कुंपणाबाहेर पश्चिमेला म्हणजे तुझी ती तीन वेलींची जागा. बापाच्या खडकाची."

मी मान हलवली. तिनं ती गोष्ट माझ्याच तोंडून शंभर वेळा ऐकली होती.

"नाव कोरून घेऊ या," मी म्हणालो. "ओब्स्टला मी पाहतो. नंबर नाही तर नाही. मी पंच आहे, मी भांडतो."

"नको. दगडावर नको. त्या पोरीच्या क्रूसाला पट्टी लाव, तिचं नाव घाल." ती पुन्हा खुर्चीत बसली, धाप लागली होती. "मला वेगळं हवंय. तो अकरा वेळा गेला होता, बर्टोल्ड. बारावी मी. घरात आता दुसरं कोणी उरलं नाही, म्हणून मी." तिनं हात पुसून टेबलावर ठेवला, तळवा वर करून. मला तिनं आयुष्यात कधी आडनावानं हाक मारली नव्हती. "शिर्मर, समेट करतोस?"

आता हे वाचणाऱ्याला वाटेल, ह्यात काय अवघड होतं. हो म्हणायचं. मलाही आज तसंच वाटतं. त्या वेळी मला वाटलं, मी कोण? क्षमा करायची तर गोट्फ्रीडनं करायची, त्या पोरीनं करायची. आणि खरं म्हणजे क्षमा मागायला हवी होती ती आम्ही, मग मी कुठल्या तोंडानं ती देऊ? हे सगळं एकदम मनात आलं. आणि माझ्या मनात अशी गर्दी झाली की तोंडातून एकच बाहेर येतं, गोष्ट. मी म्हणालो, "मेटा, समेटावरून आठवलं, जुन्या पाळकांचा तो हंस बाप्तिस्म्याच्या कुंडात पडला होता बघ—"

आणि मी ती गोष्ट सांगितली. सगळी. हंस कुंडात, पाळकांची बायको झाडू घेऊन, बाळाची आजी किंचाळतेय, की बाप्तिस्मा हंसाला झाला का बाळाला. मेटा हसली. पोट धरून हसली, डोळ्यांत पाणी आलं. हात तिनं कधी मागे घेतला ते मला दिसलं नाही. हसू थांबल्यावर ती म्हणाली, "बरं, जा आता. बरण्यांना झाकणं लावायचीत. वह्या ठेवून ये, नाहीतर ओब्स्ट तुला कुंपणाबाहेर पुरेल."

"रविवारी येतो," मी म्हणालो. "नीट बोलू."

"ये."

गुरुवारी तिला इस्पितळात नेलं. शनिवारी सकाळी पाळक दारात आले. त्यांनी टोपी काढण्याआधीच मला कळलं.

तिला घंटा झाली, गीतं झाली, सगळं रीतसर. नंबर सहाशे चौदा. माझ्या वाट्याला एक बरणी आली, झाकणावर तिच्या अक्षरात लिहिलेलं, "शिर्मर, ईस्टरनंतर उघड." मी अजून उघडलेली नाही.

समितीच्या बैठकीत मी दोन्ही नोंदी मोठ्यानं वाचल्या, अकरा शुक्रवारांसकट. मग ओब्स्ट खाकरून म्हणाला, "दुःखद आहे. पण नंबर नाही तर नाव नाही." मी म्हटलं, "तिनंही तेच सांगितलंय." पीक-आभाराच्या सणाला दगड उघडला. त्यावर बेचाळीस नावं आहेत. गोट्फ्रीड शिर्मर वरून दुसरा, सोनेरी अक्षरात. लोकांनी माझं अभिनंदन केलं, केक खाल्ला. ओटिलीच्या क्रूसाला मी नवी पट्टी लावली. नोव्हेंबरात तिला माळ घातली. पंजाएवढी माळ करायला बोटं बारीक लागतात. माझी विस्कटते.

कुंपणापलीकडे, त्या तीन वेलींच्या जागी, मी एकदा टोपी काढून उभा राहिलो आणि जे म्हणायचं होतं ते जुन्या भाषेत म्हटलं. मोठ्यानं. म्हणून झाल्यावर काहीच वाटलं नाही. मातीला सांगणं सोपं असतं. माती काही कोणाच्या दारी अकरा वेळा आली नव्हती, आणि तळवा वर करून बसलीही नव्हती.

मेटाच्या उजव्या हाताची जागा अजून मोकळी आहे. सहाशे पंधरा. तिला गेल्याला वर्ष झालं, दुसरं कोणी गेलेलं नाही. मी पंच्याऐंशी वर्षांचा, छातीत घरघर, डॉक्टर मान हलवतात. सगळं नीट जुळून येण्यासारखं आहे. मधे एकच माणूस आहे, आल्विन ओब्स्ट. गेल्या हिवाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला आणि अजून त्याचं काही खरं नाही. आयुष्यात मला तो कधी आवडला नाही, मेटाला तर नाहीच नाही. पण मी रोज सकाळी त्याच्याकडे जातो, त्याच्यासाठी कोंबडीचं सूप नेतो, खिडकी बंद करतो, पायांवर पांघरूण घालतो.

"शिर्मर, तू इतका चांगला कधीपासून झालास?" तो विचारतो.

"तू जग रे, ओब्स्ट," मी म्हणतो. "माझ्यापुढे जाऊ नकोस."